साळवे सरांची बिघडलेली रॅम

साळवे सर लग्नाला गेले की आशीर्वादाच्या आधी फोटोंचा बॅकअप कुठे ठेवणार, ते विचारतात. कामशेतला एका नवरदेवाने "मोबाईलमध्येच" म्हटल्यावर सरांनी नवरीकडे असं पाहिलं, की स्थळातच काही खोट आहे असं बिचारीला वाटलं.

लोणावळ्यात ते आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाले, पण शिकवणं सुटलं नाही. लिनक्स न वापरणाऱ्याला ते माणसांत धरत नाहीत. "मशीन चुकत नाही, माणूस चुकतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

यंदा त्यांचंच मशीन चुकू लागलं. सेव्ह केलेले फोटो उघडले की अर्धे करडे. एकच फाईल दोनदा तपासली तर दोन वेगळी उत्तरं. सरांनी आधी डिस्कला दोष दिला, मग केबलला, मग आमच्या मिक्सरला. आम्ही चटणी खलबत्त्यात कुटू लागलो, तरी फोटो करडेच. मशीनच बिघडलं असेल, असं माझी बायको म्हणाली, तर सरांनी तिच्याशी बोलणं टाकलं.

पुढे एकदा मी वर गेलो, तर मेमरीची चाचणी चालू होती आणि स्क्रीनभर लाल ओळी. दोनपैकी एक रॅम खराब निघाली; फाईल तिच्यातून जाताना बिघडत होती.

"म्हणजे मशीन चुकलं," मी चवीने म्हणालो.

"मी चुकलो," सर म्हणाले. "मूळ फाईलवरच सेव्ह करत गेलो." बॅकअप होताच, त्यातही तीच बिघडलेली फाईल इमानाने जाऊन बसली होती.

मग त्यांनी मला गाडी काढायला सांगितली. कुरवंडे गावच्या हौसामावशींचा मुलगा सरांचा विद्यार्थी, ऐन विशीत गेलेला. त्याचा एकुलता एक फोटो सरांनी साफ करायला नेला होता. परत दिलेला मूळ फोटो भिंतीच्या ओलीने कुजला, आणि मावशी आता सरांच्या कॉपीवर विसंबून होत्या.

मावशींच्या ओट्यावर बसून सरांनी काही न लपवता सगळं सांगितलं आणि उरलेल्या फोटोचा प्रिंट पुढे केला. कपाळ, डोळे, नाक. खाली नुसता करडा रंग.

मावशींनी तो बराच वेळ पाहिला. "डोळं हायेत की," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "वर्गात कसा बसायचा वो त्यो?"

"खिडकीजवळ. एक पाय कायम बाकाबाहेर," सर म्हणाले. "मी रोज रागवायचो. तो नुसता हसायचा."

"आन् काय करायचा?"

सर सांगत राहिले. चहा गार झाला. निघायचं म्हणून हातात घेतलेली गाडीची किल्ली मी परत खिशात ठेवून दिली.