बरणीतलं काळं बटण

"आई, खरं सांग, तू कधी आकड्यांत थाप मारली आहेस?"

प्रश्न भिंगरीने विचारला, पण पैज मैत्रिणींची होती. 'हिंमत असेल तर विचारून दाखव!' तिची आई संख्याशास्त्रज्ञ. कोणी "सगळे म्हणतात" असं म्हटलं, की "सगळे म्हणजे किती?" असं विचारणारी. तिला हे विचारणं म्हणजे वाघाच्या तोंडात हात घालून दात मोजणंच!

"कध्धीच नाही," आई ताटातून मान वर न करता म्हणाली.

"लग्नाआधी वजन सांगितलं होतंस ते..." बाबा पुटपुटले.

"तो अंदाज होता! आणि बोलतंय कोण? 'शंभर टक्के ग्राहकांची पसंती' अशी पाटी रंगवून आणलीत. विचारलंत कुणाला?"

घराखालीच बाबांची बेकरी होती. "विचारायचं काय त्यात? माझी बिस्किटं न आवडणारा एक माणूस दाखव!"

"मी विचारते!" भिंगरीने टुणकन उडी मारली. "आईच्या नियमांनी!"

आईचे नियम दोनच. कुणी काय मत दिलं ते कुणालाही कळता कामा नये. आणि निकाल आवडला नाही म्हणून फिरवायचा नाही. शेजारच्या शिंपीकाकांनी मूठमूठभर नवीकोरी बटणं दिली. बिस्किटं आवडली तर बरणीत पांढरं टाकायचं, नाही तर काळं. "काकू, आईशप्पथ, मलासुद्धा कळणार नाही," असं म्हणून भिंगरी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. ती शाळेत गेली, की गल्ल्याशेजारची बरणी आपली एकटीच.

शेवटी बरणी टेबलावर ओतली. पांढऱ्या बटणांचा ढीग, आणि त्यात भातातल्या खड्यासारखं एकच काळं!

बाबांचा चेहरा भट्टीत विसरलेल्या पावासारखा झाला. "कोण तो?"

"ते विचारायचंच नसतं, बाबा."

पण बाबा कुठले ऐकतात! गल्ल्यावर उलटतपासणी सुरू झाली. "बिस्किटं आवडली ना? नक्की? मग डोळे का मिचकावताय?" शिंपीकाका पाव घ्यायला आले, तर बाबा त्यांनाच म्हणाले, "काळ्या बटणांचा साठा तुमच्याचकडे, नाही का?" काका पाव न घेताच तरातरा निघून गेले. त्यांच्यामागोमाग गिऱ्हाइकंही पांगायला लागली. बिस्किटापेक्षा जबाब महाग, कोण येईल?

भिंगरीला रडूच यायचं बाकी होतं. शब्द तिने दिला होता, आणि झळ लागत होती ती त्यावर विश्वास ठेवणाऱ्यांना. त्यात कुतूहल काही गप्प बसू देईना. माणूस शोधायचा नाही हे खरं, पण बटण बघायला काय हरकत आहे? तिने ते उजेडात धरलं.

बटण नवं नव्हतंच! भोकांत निळ्या दोऱ्याचा तुकडा अडकला होता.

तिने मान वर केली. समोर बाबा उभे होते, कामाचा निळा कोट घालून. कोटाचं पोटावरचं बटण गायब, आणि तिथे निळा दोरा लोंबत होता.

"बाबा, मी शाळेत असताना तुम्ही बरणीत डोकावला होतात?"

"छे! म्हणजे... जरासं वाकलो असेन. नुसता अंदाज घ्यायला. का गं?"

आईची नजर दोऱ्यावरून बटणावर गेली आणि तिने ओठ घट्ट मिटून घेतले. तिचे खांदे मात्र गदगदा हलत होते.

भिंगरीने बटण मुठीत लपवलं आणि कमरेवर हात ठेवले.

"आईबाबा, ऐका, मी ठरवलंय. ही पाहणी रद्द. नवी घ्यायची, आणि बरणी आईच्या ताब्यात. तोवर पाटीसुद्धा भिंतीकडे तोंड करून उभी राहील. आणि बाबा, तुम्ही आत्ताच्या आत्ता ताजा पाव घेऊन शिंपीकाकांची माफी मागायला जायचं."

"जातो बाई! पण तो काळ्या बटणवाला कोण, ते तरी सांग."

"अजिबात नाही. शब्द म्हणजे शब्द. त्याचं नाव मी कुणालाच सांगणार नाही, अगदी त्यालासुद्धा नाही! पण काकांकडे जाताच आहात, तर कोटाला एक बटण लावून घ्या. आणि दोरा निळाच सांगा."