ग्रँड म्हणजे किती ग्रॅम?

शिंगटेकाका माणसाला नमस्कार करत नाहीत, त्याचं वजन सांगतात.

"एक्याऐंशी," आमच्या पोस्टमनकडे बघून ते पहिल्याच भेटीत म्हणाले. "बूट काढलं तर ऐंशी."

मी घाबरत घाबरत भाषांतर केलं. पोस्टमन घरी जाऊन काट्यावर उभा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी पत्रं नसतानाही आला. "युअर मॅन आहे का घरात?" इकडे आयर्लंडमध्ये कुठल्याही तिसऱ्या माणसाला 'युअर मॅन' म्हणतात. काकांना ते आवडलं नाही. "मी कुणाचा मॅन न्हाय," म्हणाले.

काका साताऱ्याकडे वजनमापे निरीक्षक होते. खोट्या तराजूंवर धाडी घालण्यात उमेदीची वर्षं गेली. काकू वारल्यावर मुलगा सचिन त्यांना डब्लिनजवळच्या स्वोर्ड्सला घेऊन आला. आमचं घर शेजारीच. इथल्या सुपरमार्केटात त्यांनी आठवडाभर बटाट्याच्या पिशव्या काट्यावर टाकून पाहिल्या. सगळ्या बरोबर भरल्या. खिन्न होऊन घरी आले. "या देशात मला काय काम न्हाय."

काम मी दिलं. माझी मुलगी एकोणतिसाव्या आठवड्यातच जन्माला आली, अकराशे चाळीस ग्रॅमची. मला घरी पाठवलं, तिला डब्लिनच्या हॉस्पिटलातच काचेच्या पेटीत ठेवलं. नवरा कामावर गेला की मी बसने निघायची, आणि डबा घेऊन काका स्टॉपवर हजर असायचे. आत फक्त आईबापांना सोडत, म्हणून ते बाहेर बाकावर बसून राहायचे.

पहिल्या आठवड्यात वजन वाढायचं सोडून उतरलं. मी बाहेर येऊन रडले. ऑर्ला नावाची नर्स मागोमाग आली. "सगळीच बाळं आधी थोडी उतरतात. शी इज डुइंग ग्रँड!" इकडे 'ग्रँड' म्हणजे छान, ठीक.

"ग्रँड म्हणजे किती ग्रॅम?" काकांनी विचारलं.

मी भाषांतर केलं. ऑर्ला इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. त्या दिवसापासून ती मुलीबद्दल 'ग्रँड' म्हणाली की लगेच आकडा जोडायची.

दूध नळीतून जायचं, एका वेळी एक मिलिलिटर. तेवढं काढायला मला अर्धा तास पंपाशी झुंजावं लागे. व्हिडिओ कॉलवर सासूबाई म्हणाल्या, "थोडा मध चाटव, गुटी दे, बघ कशी बाळसं धरते."

काकांनी फोन ओढून घेतला. "वैनी, तिथं सिरिंजनं मोजून देत्यात. तुमी बोटानं देणार. तुमचं माप जप्त!"

सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. माझे ते दोन दिवस फार छान गेले.

पुढे डॉक्टरांनी माझ्या दुधात कसलीशी पावडर घालायला सुरुवात केली, तेव्हा मात्र काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "दुधात भेसळ? इचार त्या नर्सबाईला." ऑर्लाने समजावलं: पोटात असती तर हाडांना, स्नायूंना जे मिळालं असतं, ते नुसत्या दुधातून एवढ्याशा जिवाला पुरत नाही. काकांनी विचार केला. "मंग ही भेसळ न्हाय. भरपाई हाय. चालंल."

तिसऱ्या आठवड्यात तिचं पोट फुगलं. दूध बंद केलं, सलाईन लावलं. मी बाहेर आले तेव्हा काकांनी आकडा विचारला नाही. डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला. "तू खा. तुझं दूध तिला लागणार हाय." दोन दिवस आम्ही त्या बाकावर बसून काढले. तिसऱ्या दिवशी ऑर्ला धावतच आली. एक मिलिलिटर पुन्हा सुरू झालं होतं. काका उठले आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

दोन महिन्यांनी ती घरी आली. काका तीनदा हात धुऊन आले आणि दारातच थांबले.

"घ्या ना," मी म्हटलं.

"नगं. मला सवय न्हाय."

"सचिनला घेतलं असेल की."

त्यांनी धुतलेले हात पुन्हा पुसले. मग म्हणाले, "सचिनच्या आदी एक हुती. सातव्या महिन्यात झाली. दोन दिवस जगली. नर्स म्हणाली, बघू नका, जीव लागंल. मी आईकलं तिचं. काकूनं बघितली हुती. कशी दिसत हुती ते तिला कदी इचारायचं धाडस झालं न्हाय. आता इचारू कुणाला?"

मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि मुलीला त्यांच्या हातांवर ठेवलं. ते ताठ बसून राहिले, श्वाससुद्धा जपून घेत. मुलीने डोळे उघडले.

काका हळूहळू खाली वाकले, तिच्या अगदी समोर चेहरा नेला.

"बग," म्हणाले. "बग बाळा, नीट बग. लागू दे जीव."