दुसऱ्या वाटेची वरात

लग्न तोंडावर आलेलं. अंगणात तंबू उभा राहिला होता, डुक्कर कोणी भाजायचं यावरून दोन मामांचं भांडण होऊन मिटलंही होतं, आणि नवरदेव उरोश मात्र आपल्या लाल गाडीच्या पोटाखाली आडवा होता. बाहेर दिसत होते ते फक्त त्याचे बूट. त्याची आई स्तामेन्का त्या बुटांशीच बोलत होती.

"चांगली होती ना रे गाडी?"

"आता जास्त चांगली झाली," बूट म्हणाले.

"मग अशी अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखी का दिसतेय?"

उरोश बाहेर आला तो हसतच. याच गाडीने तो रोज शहरातल्या कारखान्यात जायचा, याच गाडीने आईचे चीजचे डबे बाजारात पोचवायचा. गाडी मुळातच वाऱ्यासारखी पळणारी. पण वळणावर ती किंचित कलते, हे त्याच्या मनाला फार लागलं होतं. दुसऱ्यांची पोरं नोकरीसाठी झुरतात, पोरीसाठी झुरतात. हा गाडीच्या कलण्यापायी झुरत होता. शेवटी मित्राच्या गॅरेजमध्ये त्याने कडक स्प्रिंग आणि नवे शॉकअप बसवून घेतले आणि गाडी चांगली चार बोटं खाली आणली.

"आता वळणावर तसूभर कलणार नाही, आई."

"कलत होती तेव्हा मी तरी सरळ बसत होते."

ते खरंच होतं. त्या मुलखात रस्त्यावरच्या गतिरोधकाला सगळे 'झोपलेला पोलीस' म्हणतात. बाजारातून येताना उरोश अशा प्रत्येक पोलिसापाशी थांबला, गाडी तिरकी केली आणि एकेक चाक असं हळुवार वर चढवलं, जणू खरंच कुणीतरी झोपलंय. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. मागच्या सीटवर त्याचे वडील रातोमिर दातांची कवळी मुठीत धरून बसले होते.

"तोंडात घाला ती," स्तामेन्का म्हणाली.

"तोंडात राहत नाही. हातातच बरी."

"उरोश, थोडी वर करून घे ती. करता येते म्हणे."

"येते. पण चाकांची जुळणी आत्ताच करून घेतलीय. उंची बदलली की ते सगळं पुन्हा करावं लागतं. लग्नानंतर बघू."

लग्नाच्या दिवशी रीतीप्रमाणे स्तामेन्का घरीच थांबली, सुनेचं स्वागत करायला. पाय फाटकाशी होते, पण फोन हातात होता. वरात डांबरी रस्त्याने नवरीच्या गावाला गेली, चर्चमध्ये लग्न लागलं, रडणाऱ्यांनी रडून घेतलं. परतताना मात्र वाट बदलायची. ज्या वाटेने सून आणायला गेलात त्याच वाटेने तिला घरी आणलंत, तर दबा धरून बसलेलं जे काही असेल ते वरातीच्या मागे लागतं. हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. आणि दुसरी वाट एकच होती, गिरणीवरून जाणारी. मध्ये ओढ्यावर जुना दगडी पूल, मांजरीने पाठीची कमान करावी तसा.

उरोशने फाट्यावर गाडी थांबवली. मागे बँडवाल्यांची व्हॅन थांबली, तिच्यामागे सगळी वरात. फोन वाजला.

"का थांबलात?"

"तुला कसं कळलं?"

"कर्ण्यांचा आवाज पुढे सरकत नाहीये."

"आई, आपण डांबरी रस्त्यानेच येऊ. त्या पुलावर गाडीचं पोट टेकेल."

"टेकू दे. माझ्या सुनेच्या मागे काही लागलं तर तुझा गॅरेजवाला काढणार आहे का ते?"

"आई बरोबर बोलतायत," मागून नवरी म्हणाली. तिचं नाव तिजाना.

"पहिल्याच दिवशी पक्ष बदललास?"

"पहिल्याच दिवशी बदलायचा असतो. नंतर उशीर होतो."

गाडी पुलावर चढली आणि बरोब्बर माथ्यावर, खर्रर्र करून, पोटावर बसली. तिजानाच्या शेजारी कुम बसला होता, ग्वोझ्देन. कुम म्हणजे लग्नाचा साक्षीदार, घरच्या माणसापेक्षा जवळचा. आणि हा तर देहानेही दोन माणसांच्या बरोबरीचा.

"मीच उतरतो," तो म्हणाला. "माझंच वजन आहे. उतरलो की उठेल."

तो उतरला. गाडी केसभरही उठली नाही.

"बघितलंस?" उरोशने स्टिअरिंगवर कौतुकाने थाप मारली. "किती कडक आहे!"

"उरोश," तिजाना शांतपणे म्हणाली, "माझ्या आईवडिलांना मी सांगितलंय की तू समजूतदार आहेस."

पुढचा उतार आणखी उभा होता, म्हणून पुढे ढकलणं शक्य नव्हतं. मागे घेतली तर वाट तीच. सगळे आपापलं मत देत उभे राहिले. बँडवाले मत नव्हतं म्हणून वाजवत राहिले. एवढ्यात पलीकडून फटफट आवाज करत ट्रॅक्टर आला. चालवत होती स्तामेन्का, रेशमी पोशाखात, केसांवर ब्युटीपार्लरचा मनोरा तसाच शाबूत.

"पोरी, ये इकडे. धर माझा हात."

तिजानाने घोळ उचलला, चार पावलांत पूल ओलांडला आणि सासूच्या शेजारी मडगार्डवर चढून बसली.

"आणि मी?" उरोशने विचारलं.

"तू जिच्यासाठी झुरलास तिच्याजवळ थांब."

वऱ्हाड्यांनी गाडी हातांवर उचलून मागे घेतली. मग वरात पुलावरून घराकडे गेली आणि उरोश एकटा डांबरी रस्त्याने निघाला. फाटकाशी पोचला तर आई आडवी उभी.

"तू आत ये. गाडी नाही. ती गेली त्याच वाटेने आली."

"गाडी बाहेर, तर मीही बाहेर."

हट्ट कोणाकडून आला होता हे वेगळं सांगायला नको. उरोश गाडीत बसून राहिला. स्तामेन्का तंबूत गेली, मुख्य टेबलापाशी बसली आणि सुनेच्या पानात कोवळ्या मांसाचा तुकडा वाढला. तिजानाने पान उचललं.

"कुठे निघालीस?"

"त्यांना भूक लागली असेल. तुमच्यासारखेच आहेत, मागणार नाहीत."

ती बाहेर जाऊन गाडीत बसली. मग नवरा-नवरी एकटी कशी जेवणार म्हणून कुम गेला, जाताना बाटली घेऊन. बाटली गेली म्हणून मामा गेले. मामा गेल्यावर बँडवाल्यांना ज्यांच्यासाठी वाजवायचं असं कुणी उरलं नाही, तेही गेले. लग्न रस्त्यावर रंगलं आणि तंबूत उरली स्तामेन्का, पंधरा टेबलं आणि रातोमिर.

"काय बघताय?" ती नवऱ्यावर कडाडली. "पहार आणा!"

"पहार कशाला?"

"आलुबुखाराच्या बागेमागचं कुंपण काढा. त्या गल्लीने आजवर आपल्या घरी कुणी आलेलं नाही. म्हणजे ती दुसरी वाट झाली."

"स्तामेन्का, त्या कुंपणासाठी तू शेजाऱ्याशी सात वर्षं भांडलीस."

"भांडले म्हणून तर माझं आहे. काढा!"

कुंपण पडलं. गाडी मागच्या गल्लीतून बागेच्या उतारावरून अलगद खाली आली, गवतावर पोट घासत, कर्ण्यांच्या गजरात. स्तामेन्काने बॉनेटवर घोटभर रकिया, म्हणजे घरची दारू, शिंपडली आणि लेकाच्या गालाचा असा मुका घेतला की तिच्या ओठांची लाली त्याच्या कानापर्यंत गेली.

आली ती खाली. बागेतून अंगणात यायला नुसत्या पायऱ्या, मग पुन्हा वर कशी जाणार, हे त्या आनंदात कोणाच्या डोक्यात आलं नाही. उतार तोच, गाडी तीच, आणि चाकांची जुळणी मोडायला उरोश अजून तयार नाही.

सोमवारी सकाळी नवरा-बायको बसथांब्यावर उभे होते, हातात उरलेल्या डुकराचा डबा. पडलेल्या कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "बसने निघाली होय गं पोरं? आणि ती गाडी?"

स्तामेन्का झाडाखाली गाडीवर आपली ठेवणीतली रजई घालत होती. तिने मानही वळवली नाही.

"इतकी चांगली गाडी," ती म्हणाली, "कोणी रोज वापरतं का?"