पाचपैकी दोन

स्वतःलाच पाचपैकी दोन गुण देणारी निवासी डॉक्टर त्या रुग्णालयात एकच होती. सगळे तिला ससुली म्हणत, कारण तिसऱ्या वर्षाला आली तरी वॉर्डातला फोन वाजला की ती सशासारखी दचकायची.

खरं तर गुण विभागप्रमुखांनी द्यायचे. पण दर सहा महिन्यांनी मूल्यमापनाचे फॉर्म आले की सर ते ज्याचे त्यालाच भरायला देत आणि चष्मा न लावताच खाली सही ठोकत. तिच्याच बॅचचा एक डॉक्टर होता, त्याला राजे म्हणत. राजे प्रत्येक रकान्यात पाच लिहून मोकळे झाले. ससुली मात्र पेन धरून बसली. पाच लिहिले आणि नेमकं सरांनी वाचलं तर? ‘पाच? तू?’ असं विचारलं तर? तिने बाराही रकान्यांत दोन लिहिले.

आठवड्याने फळ्यावर सूचना लागली. तीनपेक्षा कमी गुणवाले विशेषज्ञ होण्यासाठीच्या बोर्डाच्या परीक्षेत नापासच होणार, तेव्हा त्यांना यंदा बसू देऊ नये, असं रुग्णालयाच्या परीक्षा समितीने ठरवलं होतं. ससुली धावतच सरांच्या खोलीत गेली. तीन वर्षं जिवाचं रान केलं ते यासाठी?

"सर, ते दोन मीच लिहिले होते," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"हळू बोल गं बाई!" सरांनी उठून दार लावलं. "सही माझी आहे त्यावर. कळलं तर तुझी परीक्षा कायमची जाईल आणि माझी खुर्ची."

"मग आता?"

"रोज सकाळी सातला ये. खास तयारी करून घेतो म्हणून समितीला सांगतो."

तिला परीक्षेला बसू द्यायला समिती कशीबशी तयार झाली. सहा आठवडे सर प्रश्न विचारत राहिले आणि ससुली चाचरत उत्तरं देत राहिली. तिला काय विचारायचं या धास्तीने सरांनाही जुनी पुस्तकं उघडावी लागली.

निकाल लागला. ससुली पहिली आली, राजे नापास.

लगेच समितीचं पत्र आलं. गुण आणि निकाल असे उलटे कसे, याचा लेखी खुलासा करा. सरांनी ससुलीला बोलावून घेतलं.

"तूच लिही काहीतरी. मी सही करतो."

ससुलीने एकच ओळ लिहिली आणि कागद सरांपुढे ठेवला.

"सर, एकदा वाचता का?"

"नीट लिहिलंयस ना?"

"खरं तेच लिहिलंय, सर."

"मग झालं तर!" म्हणत सरांनी सही ठोकली.

सहीच्या वर लिहिलं होतं, ‘मी सही करण्याआधी कधीच वाचत नाही.’