डबा कोणाकडे आहे?

अमेरिकेत ट्रॉयला राहणाऱ्या नंदूकाकांनी मोटार कंपनीतून रिटायर झाल्यावर मोठ्या हौसेने ब्लॉग काढला, पण त्यावर कमेंट म्हणून यायला तयार नव्हती. एक आली होती म्हणा, ती केस उगवण्याच्या तेलाची जाहिरात निघाली. तरी काकांनी तिला "धन्यवाद, विचार करतो" असं उत्तर दिलं होतं! परक्यांचं सोडा, खुद्द बायको वाचत नव्हती, हे काकांना फार लागायचं.

"अगं नीला, निदान आजचं तरी वाच."

"अहो, दिवसभर जे ऐकते तेच परत वाचू कशाला?"

शेवटी काकांनी तिकडे पिस्कॅटवेच्या कॉलेजात शिकणाऱ्या भाचीला, अदितीला, फोन लावला. तिचा ब्लॉग म्हणे धो धो चालायचा.

"मामा, 'ब्रेक पॅडचा इतिहास, भाग सहा'? कोण वाचणार यार हे!" अदिती म्हणाली. "घरातलं काहीतरी पर्सनल लिही. शेवटी लोकांना प्रश्न विचार. आणि कमेंट आली की रिप्लाय करायचाच, टाळायचं नाही."

काकांना विषय शोधावा लागला नाही. नीलाकाकू स्वयंपाकघरात कपाटं आपटत होत्या. आईने दिलेला, बुडाला 'चि. नीलास' असं नाव घातलेला स्टीलचा डबा सापडत नव्हता.

"कुणाला तरी लाडू दिले त्यातून आणि गेला तो गेलाच," काकू डोळे टिपत म्हणाल्या. "आईची तेवढीच एक वस्तू होती हो."

काकांनी तडक पोस्ट लिहिली. डब्याची, सासूबाईंची, काकूंच्या डोळ्यांतल्या पाण्याची. कुणाचं नाव मात्र घेतलं नाही. शेवटी विचारलं, 'ज्यांच्याकडे डबा आहे, त्यांना ते ठाऊक आहे. होय ना?' आणि लिंक गावातल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकली.

आता दुसऱ्याचा डबा घरात नाही असं मराठी घर अख्ख्या ट्रॉयमध्ये दाखवा! सकाळीच शेजारच्या गल्लीतला गिरीश दारात हजर.

"काका, नाव न घेता लिहिलंत, हा तुमचा मोठेपणा. सॉरी हं, राहूनच गेला." त्याने डबा पुढे केला. आत करंज्या. रिकामा डबा कसा परत करायचा?

काकूंनी बूड उलटून पाहिलं. त्यावर भलतंच नाव. तोवर गिरीश गाडी काढून पसार झाला होता. दुपारी विक्रम शंकरपाळे ठेवून गेला. नीना चकल्या घेऊन आली आणि जाताना डोळे पुसत गेली. संध्याकाळपर्यंत डायनिंग टेबलावर डबेच डबे, आणि त्यांत आईचा डबा नाही!

ब्लॉगवर तर झुंबड उडाली. उल्काने 'मी डबा मागच्याच दिवाळीत परत केलाय' असा खुलासा लिहिला, तर खाली नीनाने 'मग माझा कॅसरोल कुठाय?' म्हणून विचारलं. काका खुशीत प्रत्येकाला रिप्लाय करत बसले.

"हे सगळे डबे भरून परत कोण करणार? तुमचे वाचक?" काकू कडाडल्या. "आता चिवडा करायला मोठं पातेलं तरी काढते!" म्हणत त्या गॅरेजमध्ये गेल्या.

थोड्या वेळाने नवी कमेंट आली. नाव वाचून काकांना आनंदाने काही सुचेना. नीला! अखेर नीलाने वाचलं!

'छान लिहिलंय. आईची आठवण आली. डबा सापडला. तुमच्या वर्कबेंचखाली आहे, नट-बोल्टांनी भरलेला. जरा गॅरेजमध्ये या.'

काकांचं तोंड खर्रकन उतरलं. कमेंटखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. त्यातच फोन वाजला.

"मामा, सगळे वाचतायत! मामीला रिप्लाय केलास का? टाळायचं नाही हं!" अदितीला हसू आवरत नव्हतं.

 काकांनी गॅरेजच्या दाराकडे एकदा भीत भीत पाहून टाइप केलं, 'येतोच. पण रिकामा नव्हता ठेवला, एवढं तरी बघ.'