भुताचं तापमान

टिळेकरांना लग्नपत्रिका पाठवली की ती दुरुस्त होऊन परत यायची. ‘आशिर्वाद’मधली शि लाल शाईने दीर्घ केलेली, वेळेभोवती गोल आणि समासात शेरा: ‘सकाळचे की संध्याकाळचे?’ लग्नाला मात्र हा गृहस्थ यायचा नाही.

टिळेकर मूळचे नाशिकचे. इथे आखातात, शुवैखमधल्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग तपासायचे. दुसऱ्याने जोडलेल्या पाइपवर खडूने फुली मारायची, हा त्यांचा धंदा. घरी आले तरी खडू हातातच. माझ्या बायकोच्या पुरणपोळीला त्यांनी ‘कडेला जोड कच्चा’ असा शेरा दिला होता. वर म्हणायचे, “टीका नाही हं, दुरुस्ती सुचवतोय. माफी मुश्किला!” म्हणजे अरबीत, काही अडचण नाही. अडचण आम्हाला होती, पण विचारतो कोण?

शुक्रवारी सकाळी आमच्याकडे दहा-बारा मराठी माणसं जमायची. कोणी कविता वाची, कोणी गाणं म्हणे, आणि सगळे पोह्यांची वाट बघत. त्या शुक्रवारी सुनंदा सिस्टर पहिल्यांदाच आल्या. सांगलीच्या, इथल्या एका इस्पितळात नर्स. त्यांनी वही उघडली आणि भयकविता वाचली. शवागारातल्या बर्फाच्या कप्प्यातून एक हात बाहेर येतो आणि नर्सचं मनगट धरतो. मग वटवाघळं, किंकाळ्या, रक्त. वाचताना बाईंचा आवाज कापत होता. आम्ही सवयीने “वा, वा” म्हणालो.

टिळेकरांनी लाल पेन काढलं.

“बाई, दुसऱ्या कडव्यात हात बर्फासारखा आहे, चौथ्यात घामेजलेला. भुताचं तापमान एकदा ठरवा.”

“हो,” सिस्टर म्हणाल्या.

“वटवाघळं आत कशी शिरली? खिडकीला जाळी नाही? आणि ‘भयाण’ अकरा वेळा! एका जोडावर अकरा ठिगळं असली तर मी पाइप फेकून देतो.”

आयुष्यात या माणसाने दोन ओळी जुळवल्या नव्हत्या! सिस्टर खाली मान घालून लिहून घेत होत्या. मला टिळेकरांच्या डोक्यावर पोह्यांची कढई उपडी करावीशी वाटली.

दुपारी सिस्टरना ड्युटीवर सोडायला मी गाडी काढली, तर टिळेकर आपणहून मागच्या सीटवर. का, तर त्यांचे सात मुद्दे राहिले होते! तिसऱ्या मुद्द्यावर ते म्हणाले, “मेलेला माणूस इतकं घट्ट धरेल, हे पटत नाही.”

“मेलेला नव्हता हो तो,” सिस्टर म्हणाल्या. “मागच्या महिन्यात वॉर्डात एकजण गेले. कोकणातले. इथे त्यांचं कोणी नव्हतं. दोन तास माझं मनगट धरून होते. नंतर बोटं सोडवावी लागली. तसंच लिहायला बसले, तर लिहवेना. म्हणून भूत घातलं.”

टिळेकरांनी कागदाची घडी केली. सिग्नल सुटला, पुढचाही सुटला, तरी चौथा मुद्दा येईना. मी आरशात पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

“त्यांना कळतं का हो बाई?” त्यांनी विचारलं. “शेवटी कोणी हात धरलाय ते?”

“कळतं,” सिस्टर म्हणाल्या. “पकड बदलते.”

टिळेकरांची बायको दोन वर्षांपूर्वी नाशिकला वारली होती. मालकाकडून पासपोर्ट आणि सुट्टीची सही मिळून हे पोचले, तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

इस्पितळाच्या दारात सिस्टर उतरल्या. टिळेकरही उतरले. म्हणाले, “कोणी एकटं असेल तर मला बसू देतील?”

पुढच्या शुक्रवारी ते आमच्याकडे आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. शेवटी मीच डबा घेऊन वॉर्डात गेलो. रत्नागिरीकडचा एक म्हातारा खलाशी डोळे मिटून पडला होता आणि टिळेकर स्टुलावर बसून, त्याचा हात दोन्ही हातांत धरून, हळू आवाजात नाशिकच्या पावसाचं काहीतरी सांगत होते.

“चला, जेवून घ्या,” मी म्हणालो.

“थांब,” ते म्हणाले, “त्याला झोप लागू दे.”