दुखवट्यात चालणारा आणि लग्नात शोभणारा रंग

घरातला माणूस गेला की घराचा रंग उडाला आहे ही गोष्ट सर्वांच्या एकदम लक्षात येते. रंग त्याआधीही उडालेलाच असतो. पण तोवर लोक माणसाला भेटायला येतात, नंतर भिंतींना. भेटायला येणारा पहिले तीन दिवस खाली मान घालून बसतो, चौथ्या दिवशी मान वर करतो आणि समोर भिंत असते. आमच्याकडे बाबा भाद्रपदात गेले. दहाव्याच्या दिवशी सुरेशकाका (बाबांचे धाकटे भाऊ, अशा प्रसंगी व्यवस्थेची सूत्रे त्यांच्या हाती आपोआप जातात) छताकडे बघत आईला म्हणाले, "वहिनी, पोपडे फार झालेत."

विषय तिथेच थांबला असता. पण माझा धाकटा भाऊ भूपेंद्र याचे लग्न त्याआधीच ठरले होते. आईवडिलांपैकी कोणी गेले तर घरातले लग्न वर्षाच्या आत करावे, नाहीतर तीन वर्षे थांबावे, असा आमच्याकडे नियम आहे. तो कोणी केला हे माहीत नाही, पण त्याचा दुःखाचा अभ्यास दांडगा असला पाहिजे. दुःख एकतर बारा महिन्यांत बाजूला ठेवता येते, नाहीतर त्याला छत्तीस महिने लागतात. मधली सोय नाही. तीन वर्षे थांबायला मुलीकडचे तयार नव्हते आणि भूपेंद्र तर मुळीच नव्हता. वैशाखातली तारीख निघाली.

आणि पेच पडला. वर्ष उलटल्याशिवाय घराला रंग लावत नाहीत, कारण रंग म्हणजे आनंद. रंग लावल्याशिवाय घरात लग्न करत नाहीत, कारण लोक येतात. दोन्ही नियम पाळायचे तर असा रंग हवा होता, की जो लावला आहे असे वाटू नये आणि लावला नाही असे तर अजिबात वाटू नये. भेटायला येणाऱ्यांना त्यात दुखवटा दिसावा आणि वऱ्हाडाला श्रीमंती.

या कामासाठी पाच जणांची समिती आपोआप तयार झाली. काका अध्यक्ष. धुरपदा आत्या अनुभवासाठी. भूपेंद्र आधुनिक दृष्टिकोनासाठी (तो इंदूरला असल्यामुळे हा दृष्टिकोन मोबाइल भिंतीला टेकवून ऐकला जाई). आई, घर तिचे असल्यामुळे. आणि मी, हिमानी, कॉलेजात शिकवते म्हणून काय ठरले ते लिहून ठेवायला. पहिल्या बैठकीत पुढीलप्रमाणे कामकाज झाले. पांढरा: नको, एवढ्यात खूप पाहून झाला. पिवळा: हळद लागल्यासारखा वाटेल. निळा: थंड. हिरवा: दवाखाना. गुलाबी हा शब्द काकांनी उच्चारताच आत्याने तोंडाला पदर लावला, त्यामुळे काकांनी तो मागे घेतला. राखाडीला भूपेंद्रचा जोरदार पाठिंबा होता.

"राखाडी?" आत्या म्हणाली. "आत्ताच तर तापीत सोडून आलो रे बाबा. आता भिंतीला लावतोस?"

मोबाइलने राखाडी मागे घेतला. मग म्हणाला, "बरं, डार्क वॉर्म न्यूट्रल. सध्या सगळीकडे तेच चालू आहे, आत्या. एकदम रिच लुक."

"मतलब कोणता?" काकांनी विचारले.

"मतलब ब्राउनमध्ये, काका. पण ब्राउन नाही."

समितीने यावर पुरेसा विचार केला. न्यूट्रल म्हणजे ज्याला स्वतःचे मत नाही असा रंग, हे सर्वांना पटले; घरात अशी माणसे असतात, रंगही असू शकतो. डार्क म्हणजे ज्यावर हात पुसले तरी दिसत नाही. वॉर्म म्हणजे ज्याच्याकडे पाहून ऊब वाटते. वैशाखात बुऱ्हाणपुरात पंचेचाळीस डिग्री असते आणि ऊब कमी पडते अशी तक्रार आजवर कोणी केलेली नाही, हे मी नमूद केले. ते लिहून ठेवण्यात आले (मीच ठेवले) आणि पुढे जाण्यात आले.

इथे मी माझा हितसंबंध जाहीर केला पाहिजे. आमच्या बाहेरच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीवर एक डाग आहे. भाकरीएवढा, मध्ये काताच्या रंगाचा, कडेला मधासारखा. त्याच्या खाली बाबांची लाकडी खुर्ची असे. शाळेत भूगोल शिकवून ते घरी येत, खुर्चीत बसत, मागे भिंतीला डोके टेकत आणि डोळे मिटत. आवळ्याचे तेल, गल्लीतल्या यंत्रमागांची धूळ आणि अठ्ठावीस वर्षे यांच्या मिश्रणातून तो डाग तयार झाला. आईने त्याच्याविरुद्ध सोडा वापरला, लिंबू वापरले, वर कॅलेंडर लावून पाहिले (बाबांनी कॅलेंडरला डोके टेकले). घरात आता बाबांचे चष्मे होते, छत्री होती, प्रमाणपत्रे होती; पण त्यांचे डोके नेमके कुठवर येत असे, हे फक्त त्या भिंतीला माहीत होते.

म्हणून दुसऱ्या बैठकीत मी प्रस्ताव मांडला, की पश्चिमेची भिंत वगळावी.

"चार भिंतींतली एकच सोडायची?" काका म्हणाले. "लोक म्हणतील, पैसे संपले."

"लोक म्हणतील, सासू घाण आहे," आत्या म्हणाली.

भूपेंद्र म्हणाला, "दीदी, एक फोटो काढून घे ना. हाय रेझोल्युशनमध्ये."

प्रस्ताव तीन विरुद्ध एक मतांनी फेटाळला गेला. आई तटस्थ राहिली. ती चहाचे कप गोळा करत होती.

त्यानंतर बुधवाऱ्यातल्या रंगाच्या दुकानातून शेड कार्ड आले. त्यात अठराशेवीस रंग होते. आमच्या अटींत बसणारे दोनशे सहा. त्यांची नावे अशी होती, की माणसाने रंग घ्यावा की संन्यास, कळू नये: वॉर्म सायलेन्स, मोका मेमरी, डेझर्ट ट्रुथ. आत्याने चष्मा लावून त्यांचे चालू भाषेत रूपांतर केले. वॉर्म सायलेन्स म्हणजे तव्याची पाठ. डेझर्ट ट्रुथ म्हणजे गुळाची ढेप, पावसात भिजलेली. मोका मेमरीवर तिने बोट ठेवले आणि तिचा चेहरा कडू झाला. आत्या केळीवाल्यांच्या घरात दिलेली आहे. केळीचा चीक साडीवर पडला की त्याचा जो काळपट तपकिरी डाग होतो आणि साडी फाटली तरी जात नाही, तो तिच्या आयुष्याचा मोठा विषय आहे. "ह्याच्यापायी माझ्या अकरा साड्या गेल्या," ती म्हणाली. "आणि आता हे डबा भरून विकत घ्यायचं?"

पाच बैठका झाल्या. शेवटी चुडामण पेंटर म्हणाला, कार्डावर रंग कळत नाही, भिंतीवर कळतो. आमच्याकडे हीच पद्धत आहे: पेंटर भिंतीवर चार शेडचे पट्टे मारून जातो आणि घरातल्यांनी आठवडाभर त्यांच्याकडे बघत भांडायचे. खिडकीचा उजेड पश्चिमेच्या भिंतीवर बरा पडतो म्हणून त्याने खुर्ची बाजूला केली, डागाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पट्टे मारले आणि तो निघून गेला. समिती समोर बसली. चारही पट्टे एकमताने नापसंत झाले. समितीचा हा पहिलाच एकमताचा निर्णय.

त्याच दिवशी इच्छापुरहून मुलीचे मामा आले. धर्मेंद्रजी. मुलीला, म्हणजे तेजस्विनीला, वडील नाहीत. मामा म्हणतील ते अखेरचे. त्यांच्यासमोर मावा जिलेबी ठेवली, पाणी ठेवले. मामांनी भिंतीकडे पाहिले आणि आपलेही मत अपेक्षित आहे असे त्यांना वाटले.

"कलर चाललाय वाटतं," ते उठून भिंतीजवळ गेले. पहिला पट्टा. "हा जास्तच काळा." दुसरा. "ह्याच्यात दम नाही." चौथा. "हा तर आमच्या ट्रॅक्टरच्या शेडचा." मग त्यांनी हातातल्या अर्ध्या जिलेबीने मधोमध खूण केली.

"वाह! हा. ये है कलर."

आत्याचे तोंड उघडले होते. आई ट्रे हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"बघा ना," मामा म्हणाले, "मध्ये डार्क, बाजूला लाइट. शेडिंग पण केलंय. ह्याच्यात एक इज्जत आहे. घरात कोणी मोठं माणूस आहे असं वाटतं."

मुलीच्या मामांचे सगळे ऐकावे असा नियम नाही. पण ज्याची त्यांनी तारीफ केली तो तेलाचा डाग आहे असे त्यांना सांगावे, असाही नाही. सांगितले असते तर घर घाण ठरले असते आणि मामा मूर्ख. लग्नाला चोवीस दिवस राहिले होते. काकांनी घसा साफ केला.

"बरोबर पकडलं तुम्ही," ते म्हणाले. "आम्ही पण त्याच्यावरच येत होतो."

"नाव काय ह्याचं? नंबर?"

समितीने माझ्याकडे पाहिले. मी शिकलेली आहे. "पाच नंबर," मी म्हणाले.

"बाहेरचा आहे?"

"नाही. घरचाच."

"आई, तुम्हाला पसंत आहे ना?" मामांनी दाराकडे वळून विचारले. ज्या बाईने अठ्ठावीस वर्षे त्या डागाला सोडा लावला होता, तिने ट्रे खाली ठेवला आणि या सबंध प्रकरणात पहिल्यांदा मत दिले. "हाच लावा," ती म्हणाली. "सगळीकडे हाच लावा."

चुडामण दुसऱ्या दिवशी नमुन्याचा तुकडा काढायला आला. पट्टे मोजले. पुन्हा मोजले.

"ताई, हा मी मारलेला नाही."

"बाबांनी मारलाय."

त्याने भिंतीला नाक लावले, वास घेतला, मागे सरकला. तीस वर्षे लोकांच्या भिंती रंगवणाऱ्या माणसाला फार सांगावे लागत नाही. "एवढे कोट आता कोण मारतं," तो म्हणाला आणि पोपडे काढायच्या पट्टीने त्याने कडेचा, नखाएवढा तुकडा हळूच सुटा केला.

बुधवाऱ्यातल्या दुकानात रंग ओळखायचे यंत्र आहे. दुकानदाराने तुकडा त्याच्याखाली ठेवला, बटण दाबले, सहा सेकंदांत उत्तर आले: पिवळी माती, काजळी, थोडा तांबडा. भूगोल, शाळेतली मुले आणि दुपारची झोप यांचा उल्लेख नव्हता. यंत्रात तशी सोय नसावी. चाळीस लिटर रंग घुसळून तयार झाला. डब्यावर नावाच्या जागी दुकानदाराने 'सर' असे लिहिले, कारण तोही बाबांकडे आठवीत भूगोल शिकला होता आणि डबा कुणाच्या घरी जाणार हे त्याला लिहायचे होते.

रंगकामात एकच तांत्रिक प्रश्न उरला. तेलाच्या डागावर नुसता रंग टिकत नाही. आधी डाग घासून काढायचा, मग वेगळा प्रायमर लावायचा, म्हणजे तो कायमचा दबतो. नाहीतर तेल आतून हळूहळू वर येते. चुडामणने प्रायमरचा डबा उघडला आणि थांबला.

"दाबू का?"

"नको," मी म्हणाले.

"वर येईल, ताई. दोन-तीन महिन्यांत. मग काका माझ्या नावाने ओरडतील."

"ओरडू दे."

त्याने डबा बंद केला. मग ब्रश हातात घेऊन डागाकडे जरा वेळ पाहत राहिला. "एक विचारू? हा वरचा थर दोन-तीन वर्षांपूर्वीचा वाटतो. सुकलाय. नंतर सर इथं बसायचे नाहीत?"

"बसायचे," मी म्हणाले. "मी एकदा म्हणाले होते, बाबा, भिंत किती खराब झाली, जरा पुढे सरकून बसा."

"मग?"

"सरकले."

चुडामणने पहिला हात मारला.

रंग यशस्वी झाला. खोलीत सकाळी अकराला दिवा लावावा लागतो. मांडवाच्या दिवशी दोन पाहुणे कपाटाला धडकले, आणि कपाट तिथे नाही असेच दोघांचे म्हणणे होते. उकाडा अंदाजे दीडपट झाला. तरीही भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, घराने अजून दुःख सोडले नाही हो. आणि वऱ्हाडातल्या म्हणाल्या, किती रिच. सात कुटुंबांनी शेडचा नंबर मागून नेला. लालबाग वस्तीत आमच्या गल्लीत आता तीन घरे बाबांच्या डोक्याच्या रंगाची आहेत.

आषाढात डाग वर आला. रंग तोच, म्हणून नुसता बघून कळत नाही. खिडकीतून तिरपा उजेड आला की तेवढी जागा चमकते. काकांनी चुडामणला फोनवर बरेच सुनावले. भूपेंद्र म्हणाला, मॉइश्चर आहे. तेजस्विनी फडके घेऊन पुसायला गेली, तेव्हा आई आतून म्हणाली, "राहू दे गं. ओलं आहे अजून."

एवढ्या अनुभवानंतर रंग निवडणाऱ्या इतर नागरिकांना एकच सूचना करावीशी वाटते. शेड कार्ड मागवण्याआधी आपल्या घरातली, मोठ्या माणसाच्या खुर्चीमागची भिंत पाहावी. डाग असेल तर दोनशे सहा रंगांत शोधत बसण्याची गरज नाही. आणि डाग नसेल, भिंत अगदी लख्ख असेल, तर तुमचे अभिनंदन. तुम्ही कधीतरी एकदा पुढे सरकायला सांगितले होते, आणि तेव्हापासून तुमच्या घरात कोणीतरी ताठ बसून आहे.